न पिळलेली शेपटी

पिशवी रिकामी होऊन वॉर्डातून परत आली होती आणि तिच्या कोपऱ्यात उरलेलं चमचाभर पाणी गुलाबी होतं. मोजणीबाईने ती खिडकीपाशी धरली, उलटी केली, पुन्हा धरली. प्लेटलेटच्या पिशवीत उरतं ते पिवळसर असायला हवं. हे तर लहान मुलाने रंगाचा ब्रश धुतल्यासारखं दिसत होतं. लेबलवर मात्र ऐटीत लिहिलं होतं, तांबड्या पेशी कमी, आकडा अकरा. खाली छकुलीची सही.

"अकरा म्हणे!" ती भिंतीला म्हणाली. "डोळे फुटले होते की काय?"

परत आलेल्या पिशव्यांच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं, हे त्या कोणाचं नशीबच. मोजणीबाईचा पारा गेले सहा महिने चढलेलाच होता, आज तो उतू जायला आला होता.

रक्तपेढीत तिचं काम एका वाक्यात सांगता येईल असं होतं. दात्याचं रक्त यंत्रात गरगर फिरवलं की त्याचे थर पडतात. तांबड्या पेशी खाली बसतात, वरचं पिवळं पाणी आणि प्लेटलेट वेगळ्या पिशव्यांत काढून घेतात. कितीही जपून काढलं तरी चार तांबड्या पेशी चोरपावलांनी प्लेटलेटच्या पिशवीत घुसतातच. किती घुसल्या, ते मोजायचं. बारीक रेघा आखलेली काच, सूक्ष्मदर्शक, डाव्या हातात टकटक करणारं मोजणीयंत्र आणि एकोणीस वर्षं. त्या एकोणीस वर्षांत तिच्या मानेचे मणके झिजले होते, आणि "बाई, मोजून मोजून थकत नाही का हो?" असं विचारणारे तीन शिपाई निवृत्त झाले होते.

आकडा चाळीसच्या आत असेल तर लेबलवर 'कमी' लिहायचं, वर गेला तर 'जास्त'. हा एक शब्द बहुतेक रुग्णांच्या बाबतीत कोणी वाचतसुद्धा नाही. पण रुग्ण मूल होण्याच्या वयाची बाई असेल, तिचा गट निगेटिव्ह असेल आणि पिशवी पॉझिटिव्ह दात्याची असेल, तर त्या शब्दावर सगळं येऊन ठेपतं. 'जास्त' असेल तर तिला तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन द्यावं लागतं. नाही दिलं तर तिचं अंग त्या परक्या पेशींशी वैर धरू शकतं आणि ते वैर जन्मभर विसरत नाही. पुढे पोटात पॉझिटिव्ह गटाचं मूल आलं की आईचंच रक्त त्या मुलाच्या रक्तावर उठतं. सगळ्याच बायकांच्या बाबतीत होतं असं नाही. ज्या एकीच्या बाबतीत होतं तिला हे सांगून बघा. आणि लेबलवर 'कमी' असलं की इथल्या नियमाप्रमाणे वॉर्डात इंजेक्शनचं नावही कोणी काढत नाही.

तिने पिशवीला बांधलेली चिठ्ठी वाचली. वॉर्ड पाच. बाई, वय बावीस, तापात प्लेटलेट उतरलेल्या. रुग्णाचा गट निगेटिव्ह. पिशवी पॉझिटिव्ह, कारण निगेटिव्ह शिल्लक नव्हती. पिशवी लावल्याची वेळ सोमवार, दुपारी तीन.

आज गुरुवार होता आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. वॉर्डवाले रिकाम्या पिशव्या दुसऱ्या दिवशी परत करायच्या सोडून तीन-तीन दिवस पलंगाखाली ठेवतात. तिने त्यांना एक सणसणीत शिवी हासडली आणि हातमोजे चढवले.

पिशवीतलं उरलेलं नीट हलवून तिने थेंब काचेवर घेतला आणि मोजायला बसली. टक टक टक. चाळीस झाले तेव्हा काचेचा पाव भागही संपला नव्हता. शेवटी यंत्रावर दोनशे बारा आले. तिने काच धुतली, दुसरा थेंब घेतला, पुन्हा मोजलं. दोनशे पाच.

इथे छकुली कोण ते सांगायला हवं. छकुली म्हणजे मोजणीबाईची नणंद. वय चौतीस, दोन मुलांची आई, अंगाने दाराएवढी, पण घरात अजून छकुलीच. सात महिन्यांपूर्वी रक्तपेढीत दुसऱ्या पाळीला मोजणारं माणूस हवं होतं. छकुलीने प्रयोगशाळेचा कोर्स करून ठेवला होता, मोजणीबाईने शब्द टाकला आणि छकुली चिकटली. तिथून सगळं बिनसलं. मोजणीबाईच्या पाळीला दर दहा पिशव्यांतल्या दोन-तीन 'जास्त' निघायच्या. छकुलीच्या पाळीला एकही नाही. अकरा, नऊ, चौदा, सात, जणू तिच्या पाळीला तांबड्या पेशी सुट्टीवर जायच्या.

रक्तपेढीचे प्रमुख डॉक्टर यावर भलतेच खूश होते. पाठीमागे सगळे त्यांना ठीकठाक म्हणत, कारण छप्पर गळत असलं तरी "ठीकठाक आहे हो" म्हणून ते पुढे जायचे. त्यांनी भर मीटिंगमध्ये मोजणीबाईला सुनावलं होतं. "बाई, एकच यंत्र, तेच दाते, मग तुमच्याच पाळीला पेशी कशा वाढतात? चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा." लोक हसले होते. छकुलीसुद्धा, खाली मान घालून. मोजणीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. तिने खरंच डोळे तपासून घेतले, नंबर होता तोच निघाला. घरी सासूबाई जेवताना म्हणायच्या, "छकुलीचा हात हलका आहे हो, लहानपणापासून." मोजणीबाई घास गिळायची आणि राग त्याच्यासोबत गिळायची. तोंड उघडलं तर घरात म्हणणार, जळते नणंदेवर.

म्हणून सहा महिने ती गप्प बसली. या गप्प बसण्याचा तिला पुढे जेवढा राग आला तेवढा दुसऱ्या कशाचाच आला नाही.

दोन्ही आकडे कागदावर लिहून ती ठीकठाक साहेबांच्या खोलीत गेली तेव्हा पावणेबारा झाले होते. साहेब चहा पीत होते.

"सर, वॉर्ड पाचच्या मुलीला इंजेक्शन द्यायला सांगा. तीन वाजता मुदत संपते."

त्यांनी कागद पाहिला, लेबल पाहिलं. "इथे तर अकरा लिहिलंय."

"चुकीचं लिहिलंय. मी दोनदा मोजलं."

"अहो, वापरलेली पिशवी ही. रुग्णाचंच रक्त नळीतून मागे आलं असेल. त्याचा रंग आहे हा. उगाच कशाला राईचा पर्वत करता?"

हा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. असं होतं कधी कधी. मोजणीबाई मागे फिरली. तिने उरलेलं पाणी छोट्या नळीत घेऊन फिरवलं, तळाला जमलेल्या तांबड्या पेशी काचेवर घेतल्या आणि गट तपासायच्या बाटलीतला थेंब त्यावर सोडला. मुलीच्या पेशी निगेटिव्ह, त्या या थेंबात सुट्या तरंगत राहिल्या असत्या. दात्याच्या पॉझिटिव्ह, त्या एकमेकींना चिकटल्या असत्या. तिने डोळा लावला. पेशींनी गठ्ठेच्या गठ्ठे धरले होते. सुट्या शोधाव्या लागत होत्या.

सूक्ष्मदर्शक उचलून नेणं नियमात बसत नाही. तिने तो उचलला आणि साहेबांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"बघा. मुलीच्या आहेत का या?"

साहेबांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून पुसायला लागले.

"दात्याच्या दिसतात खऱ्या. पण मग त्या अकराचं काय? तिनेही मोजलंच आहे ना? दोन आकडे, दोन माणसं. उद्या सकाळी सगळे बसू, दोघींना समोरासमोर घेऊ, काय ते ठरवू."

"उद्या सकाळी?" मोजणीबाईचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात गेला. "उद्या सकाळी काय मुलीचं बारसं आहे? आज तीनला मुदत संपते म्हणतेय मी!"

"ओरडू नका, बाई. मी वॉर्डाला कळवायचं म्हणजे आमचा आकडा चुकला असं लिहून द्यायचं. मग ते विचारणार, हा एकच चुकला की सगळे? कारण सांगा मला. कारणाशिवाय मी सही करणार नाही."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्या क्षणी तिला कळलं. पण साहेब भित्रे असले तरी मूर्ख नव्हते. कारण हवंच होतं.

छकुली साडेबाराला पाळीवर आली. अजून तिने डबा ठेवला नव्हता तोच मोजणीबाईने तिला ओट्यापाशी उभं केलं आणि फळीवरची एक ताजी पिशवी पुढे ठेवली.

"नमुना घे. नेहमी घेतेस तसा. मी बघतेय."

"काय झालं, वहिनी?"

"घे म्हटलं ना!"

छकुलीने हातमोजे घातले. पिशवीच्या डोक्यावर एक वीतभर लांब नळी लोंबत असते, तिला सगळे शेपटी म्हणतात. छकुलीने शेपटी चिमट्याने दाबली, यंत्राने तिचं टोक सील केलं, वरून तुकडा कापला आणि नळकांड्यात थेंब पाडायला घेतला. हात खरोखरच हलका होता, सासूबाई खोटं बोलत नव्हत्या.

मोजणीबाई पाहतच राहिली.

"पिळली का नाहीस?"

"काय पिळली?"

"शेपटी! पिशवी हलवायची, शेपटी पिळून आतलं सगळं पिशवीत ढकलायचं, सोडायची, पुन्हा भरू द्यायची. तीनदा! त्याशिवाय शेपटीत पहिल्यांदा चढलेलं स्वच्छ पाणीच बसलेलं असतं. तू पिशवी मोजतच नाहीयेस, बाई. तू शेपटीतलं पाणी मोजतेयस. सात महिने!"

छकुलीचा चेहरा कोरा झाला. "हे मला कोणी सांगितलंच नाही."

"सांगितलं नाही? अगं, शिकाऊ पोरांनाही पहिल्या दिवशी..."

"वहिनी, तूच तर शिकवलंस मला."

मोजणीबाईला छकुलीला शिकवलं तो आठवडा आठवला. बाहेरून तपासणीची माणसं आलेली, सगळी पेढी कामाला जुंपलेली. रोज सकाळी छकुली येण्याआधी तीच शेपट्या पिळून, कापून, आठ तुकडे रांगेत मांडून ठेवायची. वेळ वाचावा म्हणून. मग छकुली यायची आणि दोघी थेट काचेपाशी बसायच्या. पेशी कशा ओळखायच्या, रेघेवरच्या कुठल्या धरायच्या, कुठल्या सोडायच्या, सगळं तिने जीव ओतून शिकवलं होतं. छकुलीने शेपटी पिळताना कधी कोणाला पाहिलंच नव्हतं. आणि प्रशिक्षणाच्या कागदावर नऊ पायऱ्या होत्या, नमुना घेणं त्यांतलीच एक, त्या सगळ्यांपुढे 'करून दाखवलं, करवून घेतलं' अशी बरोबरची खूण होती, खाली मोजणीबाईची लपेटीदार सही होती.

राग कुठे तरी काढायला हवा असतो. छकुली समोर होती, पण तिच्यावर काढायला आता तोंड उरलं नव्हतं. मोजणीबाईने ओट्यावर जोरात मूठ आपटली. हात दुखला, तेवढंच.

"रडू नकोस," ती म्हणाली, कारण छकुली रडायला लागली होती. "रडायला वेळ नाहीये. ती पिशवी पिळून घे आणि मोज."

छकुलीने नाक पुसत पिशवी हलवली, शेपटी तीनदा पिळली, नमुना घेतला आणि दोन्ही नमुने मोजले. न पिळता घेतलेल्या नमुन्यात आठ, पिळून घेतलेल्या नमुन्यात एकोणसत्तर.

पावणेदोनला मोजणीबाई पुन्हा साहेबांपुढे होती. तिने कारण सांगितलं, चाचपडत नाही, एका दमात. साहेबांनी कपाटातून छकुलीच्या प्रशिक्षणाचा कागद काढला, वाचला आणि तिच्या पुढे सरकवला. आवाज एकदम मऊ झाला.

"बाई, हे बाहेर गेलं तर पहिली छकुली घरी बसेल. आणि ही सही तुमची आहे. एकोणीस वर्षांची नोकरी. मी तुमच्या भल्याचं सांगतो. आजपासून तिला नीट शिकवा, पुढचं सगळं ठीकठाक होईल. आणि त्या मुलीला काही होईलच असं थोडंच आहे? शंभरात फार थोड्यांना होतं."

"तुमची मुलगी असती तर?"

"आता भावनेवर नका जाऊ."

"मग कशावर जाऊ?" ती खरोखरच ओरडली. "सहा महिने मला चष्मा बदलायला सांगत होतात. एकदा, एकदा तरी खाली येऊन पाहावंसं वाटलं नाही की दोन पाळ्यांचे आकडे असे का येतात? कमी आकडा आला की तो खरा, जास्त आला की बाईचे डोळे गेले! मी चुकले, मी लिहून देते. तुम्ही तर मोजलंही नाहीत आणि शिकवलंही नाहीत, तुम्ही फक्त खूश झालात!"

साहेब लाल झाले. "मी सही करणार नाही. आधी वरच्या समितीला विचारावं लागेल."

"नका करू. माझी आहे."

तिने त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. अमुक क्रमांकाच्या पिशवीवरचा आकडा चुकीचा आहे. नमुना चुकीच्या पद्धतीने घेतला गेला. ती पद्धत घेणाऱ्याला मी शिकवली. खरा आकडा दोनशेच्या वर आहे. तीन वाजायच्या आत इंजेक्शनचा निर्णय घ्यावा. खाली सही, तारीख, वेळ एक बावन्न.

वॉर्ड पाच तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्टपुढे स्ट्रेचरची रांग होती. ती जिन्याने गेली. वॉर्डची मोठी सिस्टर तिच्यासारखीच तापट बाई होती, तिने कागद वाचला, "तुम्ही लोक झोपा काढता का तिथे?" असं म्हणाली आणि मोजणीबाईने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. सिस्टरने ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी दोन प्रश्न विचारले आणि लिहून दिलं. इंजेक्शन खालच्या औषधांच्या दुकानातून यायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मोजणीबाई व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती आणि तिथल्या प्रत्येक माणसाचा, खुर्चीचा, कुंडीचा तिला राग येत होता.

दोन चाळीसला इंजेक्शन टोचलं गेलं. मुलगी उठून बसली होती, मोबाइलवर काहीतरी बघून हसत होती. "हे कशाचं?" तिने विचारलं. सिस्टर म्हणाली, "पुढे तुझ्या मुलांसाठी." मुलगी लाजली. मोजणीबाई दारातूनच परत फिरली, तिला आत जायचं धाडस झालं नाही.

खाली आली तर छकुलीने रजिस्टरं काढून ओट्यावर पसरली होती. कोणी सांगितलं नव्हतं. सात महिन्यांची पानं उलटून ती एका कागदावर उतरवून घेत होती. निगेटिव्ह गटाच्या बाया, पंचेचाळीसच्या आतल्या, पॉझिटिव्ह पिशवी गेलेल्या, आकडा छकुलीचा, शब्द 'कमी'.

"नऊ जणी," छकुली म्हणाली. "आजची सोडून."

नऊ जणींचे तीन दिवस केव्हाच उलटून गेले होते.

"साहेब येऊन गेले," छकुली म्हणाली. "म्हणाले, समितीचं उत्तर येईपर्यंत कोणाला फोन करायचा नाही. वहिनी, आपली दोघींची नोकरी जाईल गं. आईला काय सांगायचं?"

"आईंना मी सांगेन. हात हलका आहे, पिळायला शिकवलं नव्हतं, असं सांगेन." मोजणीबाईने खुर्ची ओढली. "समितीचं उत्तर येईपर्यंत यांतल्या कोणाला दिवस जाणार नाहीत, असं समितीने लिहून दिलंय का? दे इकडे."

तिने कागद घेतला. पहिलं नाव पाच महिन्यांपूर्वीचं होतं, वय सव्वीस, तापाचीच रुग्ण, दोन पिशव्या. पुढे फोन नंबर. काय बोलायचं ते तिने मनात जुळवलं. रक्ताची एक साधी तपासणी करून घ्या. तुमच्या अंगात परक्या रक्ताविरुद्ध काही खूण उमटली आहे का ते कळेल. उमटली नसेल तर उत्तमच. उमटली असेल तर पुढे दिवस गेल्यावर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. घाबरवायचं नाही, पण लपवायचंही नाही. चूक कोणाची विचारलं तर आमची म्हणायचं. आमची नाही, माझी.

फोन दुसऱ्याच घंटीला उचलला गेला. मागे टीव्ही चालू होता.

"मी रक्तपेढीतून बोलतेय," मोजणीबाई म्हणाली. "पाच महिन्यांपूर्वी तुम्हाला प्लेटलेट दिल्या होत्या..."

"अय्या, हो!" पलीकडचा आवाज एकदम फुलला. "रक्तपेढी म्हणजे तुम्हीच ना त्या? अहो, तुमच्यामुळे वाचले मी. डॉक्टर म्हणाले होते, एक दिवस उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. आणि एक सांगू का? आता चौथा महिना लागलाय मला."

छकुलीने मोजणीबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"हॅलो? आहात ना?"

"आहे. तुम्हाला एक सांगायचं होतं."

"थांबा, थांबा हं. सासूबाई इथेच आहेत, आणि हेही आज घरीच आहेत. त्यांनाही ऐकू दे. फोन स्पीकरवर टाकते." टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. खुर्च्या सरकल्या, कोणीतरी "कोण गं?" म्हणालं आणि ती म्हणाली, "रक्तपेढीच्या बाई, मी सांगत नव्हते का!" मग सगळे गप्प झाले.

"हं, आता बोला," ती म्हणाली.